बुधवार लागतो तेव्हा

"सुट्टीचा वार?" मी विचारलं.

"शनवार."

"काका, अहो शनवार-रविवारीच तर सगळं अलिबाग गजबजतं. मुंबईची माणसं गाड्या भरभरून येतात. आणि तुम्ही नेमका शनवारच बंद ठेवणार?"

"दोन हजार वर्षं ठेवतोय," हानोखकाका म्हणाले. "आता तुझ्या कॉम्प्युटरसाठी उघडू?"

मी मुकाट्याने फॉर्मवर लिहिलं, शनिवार बंद. वाद घालायला मला भारी आवडतं, पण म्हातारा कानाने अधू होता आणि घाण्याची मोटर घरघरत होती. ओरडून ओरडून माझाच घसा बसला असता.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा चौतिशीत होते. नवऱ्याचं घर सोडून माणखारला माहेरी परत आले होते आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत इंटरनेट केंद्र चालवत होते. पुण्याच्या एका संस्थेने गावाला दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मला, असं एकदम दिलं होतं. सातबारा काढायचा, दहावीचा निकाल बघून द्यायचा, नोकरीचे फॉर्म भरायचे, हे माझं काम. त्या वर्षी संस्थेने नवीन टुमणं काढलं. अल्पसंख्याक समाजातले जे छोटे धंदेवाले आहेत, त्यांना इंटरनेटवर आणा. प्रत्येकाचं एक पान करा, त्यात फोटो, माहिती, भाव, वेळ, सगळं टाका. मी कामाला लागले. जुलेखाभाभींच्या सुक्या मासळीचं पान केलं. नाक्यावरच्या बेकरीचं केलं. आणि मग इस्राएल आळीत गेले.

आळी म्हणायची आपली. एके काळी तिथे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची चाळीस घरं होती. सगळे तेली. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. एकेक करून सगळे मुंबईला गेले, तिथून इस्राएलला गेले. मी गेले तेव्हा एकच घर उघडं होतं, हानोख माणखारकरांचं. घराला लागून घाणा आणि समोर त्यांचं प्रार्थनाघर. गाव त्याला इस्राएलांची मशीद म्हणतं. त्याची किल्ली काकांच्या कमरेला असायची. आडनावात अख्खं गाव बाळगणारा हा शेवटचा माणूस, आणि आमच्या गावाला त्याचं काही नव्हतं. रस्त्यात भेटलं की जो तो एकच विचारायचा, "काय हानोखशेठ, कधी निघताय मुलाकडे?" जसा काही हा माणूस फलाटावर बसलाय.

पान तयार झालं आणि पंधरा दिवसांत त्यावरून माझं पहिलं भांडण झालं. शुक्रवारी संध्याकाळी मी केंद्राला कुलूप लावत होते, तर एक बाई गाडीतून उतरून तणतणत आल्या. किहीमच्या कुठल्याशा रिसॉर्टच्या. मालिशसाठी त्यांना खोबरेल हवं होतं, चांगलं दहा लिटर.

"तुमच्या पानावर शनिवार बंद लिहिलंय. आज शुक्रवार आहे ना? मग तो म्हातारा दार का उघडत नाही? आत दिवा लावून बसलाय, मला खिडकीतून दिसतोय, आणि हाताने नुसता जा जा म्हणतोय!"

मी त्यांची कशीबशी समजूत घातली. रविवारी सकाळी मात्र तावातावाने काकांच्या अंगणात गेले.

"काय हो काका, गिऱ्हाईक दारात आलं आणि तुम्ही हाकलता? मग मी कशाला मरमर मरतेय?"

काका तिळाची पेंड खरवडून काढत होते. त्यांनी हात पुसले, मला बसायला पाट दिला.

"हेमे, आमचा वार संध्याकाळी उगवतो. शुक्रवारी सूर्य बुडला की शनवार लागला. मग शनवारी तारे दिसले की रविवार लागला. तुमचा दिवस कोंबडा आरवला की सुरू होतो, आमचा दिवा लावला की."

"असं होय? मग आधी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस वार कुठला. वार कधी लागतो ते कुठे विचारलंस?"

मी केंद्रात येऊन ओळ बदलली. 'घाणा बंद: शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत.' काकांना ती ओळ इतकी आवडली की मला ती कागदावर छापून द्यावी लागली. त्यांनी ती घाण्याच्या भिंतीवर चिकटवली.

त्यानंतर ते रोज सकाळी दहाच्या सुमाराला केंद्रात यायला लागले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर कुणी बसत नसे, ती त्यांची खुर्ची झाली. खिशातून भिंग काढायचं, पान उघडायचं आणि कुणी काय लिहिलंय ते अक्षर अक्षर लावून वाचायचं. तेलाची मागणी तर यायचीच, पण त्याहून जास्त यायची ती माणसं. ठाण्याहून, तिकडे इस्राएलातल्या लोदहून, अश्दोदहून. 'आमच्या आजोबांचा घाणा असाच होता.' 'अंगणातलं रामफळाचं झाड आहे का अजून?' काका सांगायचे, मी टाइप करायची. झाड आहे. विहीर बुजली. तुझी आजी फार भांडखोर होती, पण तेल चोख द्यायची.

"हे बरं आहे," ते म्हणायचे. "फोनवर मला काही ऐकू येत नाही, माणसं ओरडतात आणि मग कंटाळतात. इथे कुणी कुणावर ओरडत नाही."

मी चहा करायची. ते शर्टाच्या खिशातून पुरचुंडी काढायचे, कधी शेंगदाणे, कधी तिळाची वडी. माझ्या घरी वहिनीच्या राज्यात माझी ताटली वेगळ्या फळीवर असायची. भाऊ वाईट नव्हता, पण दिवस दिवस माझ्याशी बोलायचा नाही. आज काय केलंस, जेवलीस का, एवढंसुद्धा मला कुणी विचारत नसे. काका विचारायचे. सकाळी दहा वाजायला आले की माझे कान दाराकडे लागायचे, हे मी कबूलच करते. ते दोन कप चहा म्हणजे माझा अख्खा दिवस होता.

त्यांची बायको, राहेलकाकू, आदल्या वर्षी गेली होती. मुलगा नफ्ताली अश्दोदला. तो माझ्याच केंद्रात फोन करायचा.

"ताई, बाबांना समजवा ना. एकटे काय करणार तिथे? मी खोली तयार ठेवलीय."

मी निरोप काकांना ओरडून सांगायची. काकांचं उत्तर ठरलेलं. "आईची वर्षाची प्रार्थना होऊ दे. मग ने मला कुठे न्यायचं तिथे."

काकूने शेवटच्या दुखण्यात त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. प्रार्थना माणखारातच झाली पाहिजे. चाळीस वर्षं त्या प्रार्थनाघराचा केर तिने काढला होता, दिव्यांच्या काचा पुसल्या होत्या. आणि प्रार्थना व्हायची तर दहा पुरुष माणसं हवीत, त्यांच्याच समाजातली. तशी रीतच आहे त्यांची.

"आणि नऊच आले तर?" मी विचारलं होतं.

"तर नऊ जण घरी जातात."

"मी उभी राहिले तर?"

"बायका मोजत नाहीत आमच्यात. तू उगाच हात वर करू नकोस."

मोजायचीही त्यांची तऱ्हा निराळी. माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, वाईट असतं. त्यांच्या शास्त्रात दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणायची. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द. ओळ पूर्ण झाली की दहा झाले. काका मला ती ओळ म्हणून दाखवायचे आणि टेबलावरच्या वस्तू मोजायचे. कप, बशी, प्रिंटर, मी.

दिवाळी झाली. काकूची तिथी जवळ आली, त्यांच्या पंचांगातला किस्लेव महिना. रविवारी सकाळी काका केंद्रात आले ते दाढी करून.

"हेमे, पानावर लिही. मोठ्या अक्षरात लिही. फोनवर मी कुणाकुणाला सांगू? मला ऐकू येत नाही, त्यांना कळत नाही. रूबेनला सांगितलंय, सगळ्यांनी पानच बघा." रूबेन म्हणजे त्यांचा ठाण्याचा पुतण्या. माणसं जमवायचं त्याच्या अंगावर होतं.

"सांगा," मी कीबोर्ड पुढे ओढला.

"राहेल हानोख माणखारकर, हिची वर्षाची प्रार्थना. माणखारच्या प्रार्थनाघरात. दहा माणसं पाहिजेत. बुधवार लागतो तेव्हा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुमच्या बोलण्यात मंगळवारची संध्याकाळ. साडेसहाला. कळलं ना?"

"कळलं हो काका. मला आता सगळं कळतं तुमचं."

"आणि झालं की नफ्तालीला लिही, तिकीट काढ म्हणून."

"लिहिते."

त्यांना घाण्यावर जायचं होतं. दिव्यांसाठी खोबरेल काढून ठेवलं होतं, ते दोन दिवस निवळायला हवं होतं. ते गेले आणि मी पानावर लिहिलं.

सोमवारी ते नेहमीसारखे आले. पान उघडलं, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत बसले. मी पाठमोरी उभी राहून चहा करत होते.

"काय बघताय एवढं?" मी मोठ्याने विचारलं.

"काही नाही. अक्षरं छान आलीत."

मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आज चहाचा पाक केलास काय गं?"

मंगळवारी संध्याकाळी मी इस्राएल आळीत गेले. जायला नको होतं, पण पाय तिकडेच वळले. प्रार्थनाघराची दारं सताड उघडी होती. आत छताला टांगलेल्या काचेच्या हंड्या लखलखीत पुसलेल्या, सगळ्यांत काकांच्या घाण्याचं तेल आणि सगळ्यांत वात तेवत होती. दहा खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या. काका पांढरा सदरा आणि टोपी घालून पायरीवर बसले होते.

"ये," ते म्हणाले, आणि सरकून जागा दिली.

आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. एक सायकल गेली. जुलेखाभाभींची बकरी गेली. सूर्य बुडला.

"किती वाजले?"

"सात."

"वडखळला अडकले असतील. नेहमीचं आहे ते."

मी मान हलवली. "फोन लावू का रूबेनला?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"नको नको. गाडी चालवत असेल तो."

सव्वासात झाले. काका उठले, आत गेले आणि खुर्च्यांच्या समोर उभे राहिले. त्यांनी पहिल्या खुर्चीकडे बघितलं आणि त्या ओळीतला पहिला शब्द म्हटला. तिथेच थांबले. मग हळूच पुस्तक उघडून एकट्याने म्हणता येतात ती दाविदाची स्तोत्रं वाचायला लागले. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने वाचतात. रिकाम्या प्रार्थनाघरात तो आवाज नुसता घुमत होता. मी पायरीवरून उठले नाही. उठून काय तोंड दाखवणार होते?

पाऊण तासाने ते बाहेर आले. दारं ओढून घेतली.

"चल, तुला वळणापर्यंत सोडतो. काळोख झालाय, आणि तुमच्या त्या वळणावर कुत्री फार."

ज्या माणसाकडे कुणी आलं नव्हतं, तो मला बॅटरी दाखवत घरी सोडायला निघाला होता. वळणावर मी म्हणाले, "काका, बास, जाते मी आता," आणि पळालेच.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, संध्याकाळी सव्वासहाला दोन गाड्या आळीत शिरल्या. पाच ठाण्याचे, चार मुंबईचे, अलिबागचे दोन म्हातारे. अकरा जण! रूबेनने उतरल्या उतरल्या काकांना मिठी मारली.

"बघा काका, वेळेच्या आधी आणले सगळे!"

काकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "काल संध्याकाळी होती रे."

"काल? पानावर तर आज लिहिलंय!" त्याने खिशातून छापलेला कागद काढला. 'बुधवार, संध्याकाळी साडेसहा.' कागद हातोहात फिरला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कुंपणापाशी उभी होते, आणि मला रडू फुटलं.

अलिबागच्या बिन्यामीनकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अरे, पोरीची काय चूक? तिला बुधवार म्हटल्यावर बुधवारच वाटणार. बाहेरच्या माणसाला कसं कळावं आपला वार कधी लागतो ते? रडू नकोस, बाई. तिथी टळली तरी प्रार्थना म्हणता येते. उशिरा चालते."

"हो ताई, होतं असं," रूबेनही म्हणाला. "एवढं केलंत तेच खूप झालं."

इतकी माणसं माझी समजूत घालत होती, आणि मी मान खाली घालून ती घालू दिली.

काकांनी सगळ्यांना आत नेलं. एकेका माणसाकडे बघत ओळ म्हटली. दहावा शब्द मुंबईच्या एका चष्मेवाल्यावर संपला, तर अकरावा माणूस म्हणाला, "म्हणजे माझ्यासाठी शब्दच नाही होय?" सगळे हसले. काकाही हसले. मग दारातून तो सगळ्यांचा मिळून आवाज आला. मी आयुष्यात एकदाच ऐकलाय तो. मधे मधे सगळे एकदम आमेन म्हणायचे आणि हंड्यांच्या ज्योती हलल्यासारख्या वाटायच्या. नंतर कुणीतरी मला बाहेर खजूर आणि केळं आणून दिलं. ते मी तसंच हातात धरून घरी नेलं.

त्या रात्रीच रूबेनने नफ्तालीला कळवलं. तिकीट जानेवारीचं निघालं. घाणा नागोठण्याच्या एका तेल्याने नेला. किल्ली अलिबागला बिन्यामीनकाकांकडे गेली. निघायच्या दोन दिवस आधी हानोखकाका दहा वाजता केंद्रात आले आणि आपल्या खुर्चीवर बसले. मी चहा केला. त्यांनी पुरचुंडी काढली. तिळाची वडी.

"काका," मी म्हणाले. "ती चूक नव्हती."

"काय?"

"ती चूक नव्हती!"

"ऐकू नाही आलं, हेमे."

बाहेर सातबारा घ्यायला दोन माणसं उभी होती. ही गोष्ट मी कशी ओरडून सांगणार? मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं, त्यांच्या कॉम्प्युटरवर एक कोरं पान उघडलं आणि टाइप केलं.

'ती चूक नव्हती. मला माहीत होतं. मंगळवार लिहायचा होता. मी मुद्दाम बुधवार लिहिला.'

काकांनी भिंग काढलं. मी पुढे लिहीत गेले.

'मला वाटलं प्रार्थना हुकली तर तुम्ही जाणार नाही. पुढच्या वर्षापर्यंत थांबाल. तुम्ही गेलात तर मी दहा वाजता काय करू? मी राहेलकाकूची संध्याकाळ चोरली.'

आता सांगून टाकते. त्या रविवारी माझी बोटं त्या शब्दावर चांगली पाच मिनिटं थांबली होती. मी मंगळवार लिहिलाही होता. तो पुसला आणि बुधवार लिहिला, आणि अकरा माणसांनी मला माफ केलं ते न केलेल्या चुकीबद्दल. केलेल्या गोष्टीबद्दल मला कुणी माफ केलंच नव्हतं.

काकांनी सावकाश वाचलं. सगळं दोनदा वाचलं. मग भिंग खिशात ठेवलं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"सोमवारी इथेच बसून वाचलं ना मी. बुधवार. मी तोंड उघडलं होतं, हेमे, अगं बदल म्हणून सांगायला. तेवढ्यात तुझ्याकडे बघितलं. तू माझ्या कपात साखर घालत होतीस. तीनदा घातलीस. तेव्हा कळलं मला की हिने चुकून लिहिलेलं नाही."

मी टाइप केलं, 'मग बोलला का नाहीत? रूबेनला का नाही कळवलंत? मंगळवारी दिवे लावून का बसलात?'

काकांनी ते वाचलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

"वर्षभर या गावात मला जो भेटला त्याने विचारलं, कधी निघताय? पोस्टमनने विचारलं, सरपंचाने विचारलं, दूधवाल्याने विचारलं. माझ्या मुलानेसुद्धा तेच विचारलं. आणि इथे एक पोर निघाली, जिला वाटतं की हानोखने जाऊ नये. इतकं वाटतं की खोटं लिहायला बसली." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मी एक शब्द बोललो असतो की ते संपलं असतं. म्हटलं, राहू दे दोन दिवस. कुणाला तरी वाटतंय."

'आणि काकू?'

"तिला सांगितलं मी मंगळवारी, तू पायरीवर बसली होतीस तेव्हा. तिला दोन संध्याकाळी मिळाल्या. एक माझी एकट्याची, एक सगळ्यांची. ती काही रागावणारी बाई नव्हती. तुझ्यासारखी नव्हती ती."

मी हसले आणि रडलेही. त्यांनी वडीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"बुधवारी मात्र मला वाटत होतं की तू आत यावंस," ते म्हणाले. "मोजली नसती तुला. पण आत यायला हवं होतंस."

रविवारी सकाळी ते गेले. अश्दोदला पाच वर्षं जगले. रूबेनने कळवलं, काकांच्या प्रार्थनेला नफ्तालीच्या घरी दहा माणसं सहज जमली होती म्हणे, पंधरा होती. मी त्या दिवशी केंद्रात दोन कप चहा केला आणि दोन्ही मीच प्यायले.

आता केंद्रही नाही. सगळ्यांच्या हातात मोबाइल आहेत. काकांचं पान मात्र आहे. ते बंद पडू नये म्हणून जे करावं लागतं ते मी करते. खाली माझाच नंबर आहे, आणि अजून कधी कधी फोन येतो. परवा कुणी बाई विचारत होती, "घाणा कधी चालू असतो हो?" मी तिला खरं सांगणार होते. पण पान माझ्यासमोरच उघडं होतं, आणि त्यावर लिहिलं होतं की शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत बंद. बाकीचे सगळे दिवस पानावर घाणा चालूच आहे. मी ते बदललेलं नाही.